दहा-चारचा राघो

राघो खोटारडा आहे असं एका साहेबाने इंग्रजीत लिहून ठेवलं, आणि दिव्याच्या खाडीकाठी सगळ्यांनी ते मराठीत पाठ केलं. गावाला इंग्रजी येत नाही, पण दुसऱ्याची बदनामी कुठल्याही भाषेतून बरोबर कळते.

गोष्ट सन अठराशे नव्वदची. खाडीला लागून एका पारशी शेठजींची मिठागरं होती. आगराच्या कडेला उंच जोत्यावर मॅनेजर साहेबाचा बंगला, आणि बंगल्याच्या ओसरीत भिंतीला टांगलेला दोन हात लांबीचा वायुभारमापक. काचेच्या नळीत पारा, शेजारी पितळेची पट्टी. हवेचा भार वाढला की पारा चढायचा, कमी झाला की उतरायचा. अवेळी पाऊस यायचा असला तर हा पारा आधी वर्दी देतो, आणि मिठाच्या धंद्यात अवेळी पाऊस म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला. तेव्हाचा थोरला साहेब हौशी म्हातारा होता. त्याने आगरात खपणाऱ्या एका आगरी गड्याला हाताशी धरलं आणि पट्टी वाचायला शिकवली. तो गडी म्हणजे राघो.

राघोला अक्षरं कधीच नीट आली नाहीत, पण आकडे असे आले की विचारू नका. इंचाचा शंभरावा हिस्सा तो नुसत्या डोळ्याने टिपायचा, आणि त्याचीही अर्धी फोड करायचा. सकाळी दहाला एकदा, दुपारी चारला एकदा. कंपनीच्या वहीत आकडा घालायचा आणि तोच घरच्या वहीतही उतरवायचा, कारण कागद भिजतात, हरवतात, आणि साहेब तर बदलतच असतात. असं त्याने अकरा वर्षं केलं. सख्ख्या मेव्हण्याच्या हळदीतून तो पावणेचारला उठून गेला होता. आगऱ्यांच्या हळदीतून मधेच उठणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर वेडा, आणि राघो आजारी नव्हता.

मग थोरला साहेब विलायतेला परत गेला आणि नवा आला. तरणाबांड, बोटीतून नुकता उतरलेला. त्याने पहिल्याच आठवड्यात वही उघडली. पाऊसकाळ सोडला तर रोज एकच तऱ्हा: दहाला पारा वर, चारला पारा खाली. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. साहेब हसला, आणि मग तापला.

"आमच्या देशात पारा वादळाने हलतो," तो दुभाष्याकरवी म्हणाला. "घड्याळ बघून चढउतार करणारा पारा मी बघितलेला नाही. हा माणूस घरी बसून आकडे लिहितो."

"सायेब, दोन दिस माज्यासंगती बसा," राघो म्हणाला. "तुमच्या डोल्यांनी बगा."

साहेब बसला नाही. साहेबाने वहीत शेरा मारला: खोटे आकडे लिहितो म्हणून काढून टाकला. खाली सही ठोकली.

गावाने त्या दिवसापासून त्याचं नावच पाडलं, दहा-चार. कोणी थाप मारली की पोरं ओरडायची, "दहा-चार मारू नको रं!" राघोने एका संध्याकाळी घरच्या अकरा वह्या उचलल्या आणि चुलीशी नेल्या. हौसाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या. "जालायचं असल तर त्या सायबाची टोपी जाला," ती म्हणाली. तिने वह्या सुक्या बोंबलांच्या टोपलीखाली दडवून ठेवल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

गावात तोंड दाखवणं नकोसं झालं तेव्हा नवराबायको कल्याणला आली. तिथल्या इंग्रजी शाळेत राघोला शिपायाचं काम मिळालं. घंटा द्यायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. तीन वर्षं त्याने ते निमूटपणे केलं. मिठागरातल्या पाऱ्याबद्दल तो शाळेत कोणाला चकार शब्द बोलला नाही.

शाळेत शास्त्र शिकवायला हरिहरमास्तर होते. तिशीचे, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. मुंबईला शिकले होते, वडील गेल्यामुळे परत यावं लागलं होतं, आणि रसायनशास्त्राचं वेड मात्र सुटलं नव्हतं. सन त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर ते मुंबईहून एक लांबट पेटी घेऊन आले. छातीशी धरून, तान्हं बाळ आणावं तशी.

पेटीत जर्मनीहून आलेला तापमापक होता. अंगाने हातभराहून लांब, पण त्या सगळ्या लांबीत फक्त सहा अंश. एकेका अंशाचे शंभर भाग पाडलेले. हे सहा अंश हव्या त्या तापमानापाशी बसवून घ्यायचे, म्हणजे पाणी एकूण किती तापलं ते कळत नाही, पण चढउतार मात्र बारीकसारीक कळतो. मास्तरांच्या जुन्या प्रोफेसरांनी, ते पारशी गृहस्थ फार कडक, तो एका अटीवर दिला होता. खडीसाखरेचा रेणुभार पाणी उकळून काढायचा. शेकडा पाचाच्या आत उत्तर आणलं तर तापमापक शाळेला कायमचा. नाहीतर मार्गशीर्ष संपायच्या आत परत.

शेगडीला वारा घालायला मास्तरांनी राघोला घेतलं. काम काय आहे हे सांगितल्याशिवाय मास्तरांना राहवायचं नाही, मग ऐकणारा शिपाई का असेना.

"हे बघ राघो. पाण्यात साखर विरघळवली की ते किंचित उशिरा उकळतं. किंचित म्हणजे अंशाचा सातवा-आठवा हिस्सा. किती उशिरा, हे साखरेचे रेणू किती आहेत त्यावर ठरतं. आता समज, तुला भाताचं पोतं दिलं. पोत्याचं वजन ठाऊक आहे. दाणे किती तेही कळलं. तर एक दाणा किती भारी?"

"वजनाला दाण्यांनी भागायचं," राघो म्हणाला.

"बस! एवढंच आहे ते!" मास्तरांना भलताच आनंद झाला. "शंभर ग्रॅम पाण्यात दहा ग्रॅम साखर घालायची. उकळण्याचा अंश जितका चढेल, तितक्याने पुस्तकात पाण्यासाठी दिलेल्या बावन्नला भागायचं. साखरेचा रेणुभार आपल्याला आधीच ठाऊक आहे, तीनशे बेचाळीस. तो आला, की समजायचं पद्धत हाती आली. मग ज्याचा रेणुभार कोणालाच ठाऊक नाही अशी वस्तूही तोलता येईल."

शाळा साडेदहाला भरायची आणि पावणेचारला सुटायची. तेव्हा मास्तरांनी आपल्या सोयीने बेत आखला. सकाळी दहाला नुसतं पाणी उकळायचं आणि आकडा घ्यायचा. मग शाळा. चारला त्याच चंबूत साखर घालून पुन्हा उकळायचं. पुस्तकात दोन्ही लागोपाठ करा असं लिहिलं होतं. पण घंटा झाल्यावर वर्ग सोडून शेगडीपाशी बसणारा मास्तर हेडमास्तरांनी उभा जाळला असता. शिवाय आभाळ निरभ्र, वारा नाही, हवेत काडीचा बदल नाही. सहा तासांत काय बिघडतंय!

पाणी उकळताना धडधड उसळ्या मारायचं आणि तापमापकातला पारा नाचायचा. राघोने कौलाचे बारीक तुकडे धुऊन चंबूत टाकले, तेव्हा ते शहाण्यासारखं उकळू लागलं. बारीक रेघा वाचताना मास्तरांच्या चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून वाचायचं कामही राघोकडे आलं. तो एका नजरेत सांगायचा, "दोन पूर्णांक एकेचाळीस." सुरुवातीला मास्तर भिंग लावून ताडून बघायचे. तेवढेच निघायचे. हे तू कुठे शिकलास, असं त्यांनी एकदा विचारलं. राघोने शेगडीला जोरात वारा घातला.

सोमवारी सकाळी नुसतं पाणी दोन पूर्णांक एकेचाळीसवर उकळलं. चारला साखरेचं पाणी दोन पूर्णांक अठ्ठेचाळीसवर. चढ अवघा सात शतांश. बावन्नला त्या चढाने भागलं आणि उत्तर आलं सातशे त्रेचाळीस! साखर आपल्या वजनाच्या दुपटीहून भारी. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मास्तरांनी साखर बदलली, चंबू बदलला, कोळसेसुद्धा बदलले. साखर काही हटेना.

शनिवारी सकाळी हेडमास्तरांनी त्यांना कामाला लावलं, म्हणून नुसतं पाणी दुपारी चारला उकळलं. आणि साखरेचं पाणी रविवारी सकाळी दहाला, शाळेला सुट्टी म्हणून. या खेपेला चढ निघाला तेवीस शतांश. उत्तर आलं दोनशे सव्वीस.

"आठवडाभर हत्ती होती, आज उंदीर झाली," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी तापमापकाकडे बघितलं, आणि मग राघोकडे. वाईट हेतू नव्हता, माणूस हरला होता. पण शब्द गेला तो गेलाच.

"राघो, तू नीट वाचलंस ना रे? की अंदाजाने आकडा ठोकून दिलास?"

राघोच्या हातातला पंखा थांबला. तीन वर्षांनी तेच वाक्य, फक्त साहेबाच्या जागी मास्तर. त्याने पंखा खाली ठेवला, आणि न सांगता घरी निघून गेला. असं त्याने शाळेत कधी केलं नव्हतं.

घरी हौसाबाई भाकऱ्या थापत होती. त्याने सगळं सांगितलं. आणि मग जे कालपासून डोक्यात घोळत होतं तेही सांगितलं.

"नुस्तं पानी सकाली दहाला एकेचालीस. चारला तेहतीस. आठानं खाली. साखरंचं पानी सकाली छप्पन, चारला अठ्ठेचालीस. तेही आठानंच खाली. हौसे, ह्यो आठ माज्या वलखीचा हाये. आपला पारा दहा ते चारात एवढाच उतरायचा."

"मंग सांगा की मास्तरांना."

"ह्येच बोललो म्हनून तर हाकललान ना मना? दहाला वर, चारला खाली. परत बोललो तर हीबी नोकरी जाईल."

हौसाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "खरं बोलून एक नोकरी गेली. गप बसून काय मिलालं? दहा-चार नाव मिलालं," ती म्हणाली. तिने हात धुतले, टोपली बाजूला सारली आणि अकरा वह्यांचं गाठोडं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

मास्तर शाळेतच होते. प्रोफेसरांना पत्र लिहीत होते: तापमापकात दोष दिसतो, क्षमा असावी. राघो दारात उभा राहिला. गाठोड्यातल्या बोंबलांचा वास त्याच्या आधीच आत पोचला होता. मास्तर चित्पावन, त्यांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"मास्तर, मी अंदाजानं सांगत नाय. कंदीच सांगितला नाय," राघो म्हणाला. त्याने गाठोडं मास्तरांपुढे ठेवलं. "तुमचा तापमापकबी खरा हाये. खोटी हवा हाये. खाडीसारखी तिलाबी भरती-ओहोटी. दहाला भरतंय, चारला ओसरतंय. रोज. मी अकरा वरसं मोजलंय."

मास्तरांनी पहिली वही उघडली ती दोन बोटांत धरून. दुसरी उघडताना उपरणं नाकावरून घसरलं होतं. तिसऱ्या वहीपर्यंत ते वास विसरले होते. कार्तिक महिन्याची पानं काढून त्यांनी दहाचे आणि चारचे आकडे समोरासमोर मांडले. सरासरी उतार, इंचाचे पंच्याऐंशी सहस्रांश.

"हवेचा भार उतरला की पाणी लवकर उकळतं," ते स्वतःशीच पुटपुटत होते. "पारा इंचभर उतरला तर चौऱ्याण्णव शतांश... मग पंच्याऐंशी सहस्रांशांना..." लेखणी थांबली.

आठ शतांश!

"सात आणि आठ किती?" त्यांनी ओरडून विचारलं.

"पंधरा."

"तेविसातून आठ गेले?"

"पंधरा," राघो म्हणाला, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हत्ती आणि उंदीर एकाच आकड्यावर येऊन बसले होते. साखर कधी जड झाली नव्हती, कधी हलकी झाली नव्हती. मास्तर सकाळच्या जड हवेतलं पाणी दुपारच्या हलक्या हवेतल्या साखरेशी ताडून बघत होते. जर्मनीत पुस्तक लिहिणाऱ्याला निरभ्र दिवशी पारा हललेला दिसत नसेल, म्हणून लागोपाठ का करायचं ते त्याने बजावून सांगितलं नाही, आणि कल्याणच्या शाळेची घंटा नेमकी भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा वाजत होती. मास्तरांनी पत्र टराटरा फाडलं.

"राघोबा," ते म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा 'बा' लागला. "चुकलो मी. तुम्ही बसा. खुर्चीवर बसा."

पुढच्या रविवारी दोन्ही उकळ्या अर्ध्या तासाच्या आत झाल्या. राघोने वाचलं, मास्तरांनी भिंगाने ताडलं. चढ पंधरा शतांश आणि वर तीन सहस्रांश. बावन्नला भागलं. तीनशे चाळीस! हव्या त्या आकड्याहून फक्त दोनाने कमी. मास्तर शाळेच्या अंगणात धोतर सावरत अक्षरशः नाचले, आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

प्रोफेसर आठ दिवसांनी स्वतः आले. त्यांनी आपल्या देखत सगळं पुन्हा करवून घेतलं, मुद्दाम एकदा मास्तरांच्या जुन्या चुकीसकट. मान हलवली.

"पाऱ्याची ही भरती-ओहोटी हवामानवाल्यांना केव्हापासून ठाऊक छे," ते म्हणाले. "पण कोणी माझ्या चंबूपर्यंत आणली नव्हती. मास्तर, तुला कोणी सांगितलं?"

मास्तरांनी राघोकडे बोट दाखवलं. प्रोफेसरांनी वह्या चाळल्या, आणि मग मिठागरातली नोकरी का सुटली ते विचारलं. राघोने सांगितलं. म्हातारा लालबुंद झाला. मिठागरांचे मालक शेठजी त्यांच्या बहिणीचे यजमान होते.

तीन दिवसांनी शेठजींची चिठ्ठी घेऊन सगळे होडीने दिव्याला गेले. हौसाबाईसुद्धा गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. होडी काठाला लागेपर्यंत बांधावर अर्धा गाव जमला होता. बंगल्याच्या ओसरीत तोच साहेब, तोच वायुभारमापक, आणि राघोच्या जागी नेमलेला नवा शिपाई. पावणेचार झाले होते.

प्रोफेसरांनी वही मागितली. राघो होता तोवर आकडे रोज वर-खाली. राघो गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दहाला जो आकडा, तोच चारला. तीन वर्षं सपाट. साहेबाने अभिमानाने सांगितलं की हा नवा माणूस फार नेमका आहे.

प्रोफेसरांनी त्या दिवसाचं पान काढलं. दहा वाजता, एकोणतीस पूर्णांक ब्याण्णव. चार वाजता, एकोणतीस पूर्णांक ब्याण्णव. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून वहीवर ठेवलं. चार वाजायला अजून बारा मिनिटं होती, आणि शाई केव्हाच वाळली होती.

नवा शिपाई पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. साहेबाच्या चेहऱ्याचा रंग बघून राघोला क्षणभर त्याची दयाच आली, खोटं कशाला सांगायचं, क्षणभरच आली.

बारा मिनिटं सगळे उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी राघोने दोन दिवस बसायला सांगितलं होतं, तेव्हा साहेबाला वेळ नव्हता. चारचा टोला पडला. प्रोफेसर म्हणाले, "राघो, वाच."

राघो वायुभारमापकापाशी गेला. जुन्या सवयीने त्याने बोटाच्या पेराने काचेवर हलकंच टिचकी मारली, पट्टी सरकवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एकोणतीस पूर्णांक चौऱ्याऐंशी." साहेबाने स्वतः वाकून बघितलं. दोनदा बघितलं. मग तो सरळ झाला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने टोपी काढली.

नोकरी परत घे म्हणाला. राघोने मान हलवली. "माजी घंटा हाये कल्यानात. मास्तरांचा तापमापक वाचाला मानूस नाय," तो म्हणाला. "मना यवढाच पायजे, तो शेरा खोडा."

साहेबाने तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं. आपल्याच सहीवरच्या ओळीवर त्याने एक रेघ मारली, आणि तिच्याखाली नवं वाक्य लिहिलं. मास्तरांनी ते मराठीत मोठ्याने वाचलं: "या माणसाचे सर्व आकडे खरे आहेत."

बांधावरून कोणीतरी हाळी दिली, "दहा-चार!" पण या खेपेला त्यात चेष्टा नव्हती, आणि मागोमाग अख्खा बांध ओरडला. राघोने मान वर केली आणि हसला. मग हौसाबाईने डोळे पुसले, वह्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत ती त्याच्या पुढे होडीकडे निघाली.